राखणीचा कोंबडा

ताईने सांगितलं म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलंय. माझ्या मनावर असतं तर या कोंबड्याला मी पुस्तकात पाऊल ठेवू दिलं नसतं. चाळ लिहून झाली, बाबांची गिरणी झाली, आईचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं झालं, कॉलेज झालं, आणि या सगळ्यातून मी कोंबड्याला मोठ्या शिताफीने वगळलं होतं. पण दर रविवारी मी शीवला ताईकडे जाते आणि आठवडाभरात लिहिलेली पानं तिला वाचून दाखवते. तिला आता अक्षर दिसत नाही. माणूस दिसतो, पण चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग दिसतो म्हणते. ती पलंगावर भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकते. मागच्या रविवारी वाचून संपल्यावर तिने विचारलं, "कोंबड्याचं कधी लिहिणार?" मी म्हटलं, कुठल्या कोंबड्याचं. त्यावर ती जे म्हणाली ते शेवटी सांगते, कारण ते आधी सांगितलं तर पुढचं लिहिण्याची माझी हिंमत होणार नाही.

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. खाली आई-बाबा, मोरी, स्टोव्ह, कपडे वाळत घालायची वळणी आणि गावाहून आलेलं कोणी ना कोणी. वर पोटमाळा. लाकडी शिडीने चढायचं, वर गेल्यावर ताठ उभं राहता यायचं नाही, पण तिथे एक दिवा होता, हातभर रुंदीची खिडकी होती आणि मांडी घालून बसलं की पुढ्यात पत्र्याची ट्रंक टेबलासारखी वापरता यायची. अख्ख्या घरात दार नसूनही दार लावल्यासारखं वाटेल अशी ती एकच जागा होती, आणि ती ताईची होती. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, नाव शालन. ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायची. कधी सकाळची पाळी, कधी दुपारची, त्यामुळे तिच्या झोपेच्या वेळा वेड्यावाकड्या, आणि बाबांनीच ठरवून दिलं होतं की माळा शालनचा. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. माझा अभ्यास गॅलरीत, कठड्याला पाठ लावून, चार बिऱ्हाडांच्या पोरांचे पाय ओलांडत चालायचा. फॉर्मॅलिनच्या बाटल्या खाली ठेवायला आईची बंदी होती, कारण तिथे अन्न शिजायचं, आणि वर ठेवायला ताईची, कारण तिथे ती झोपायची. मी त्या बाटल्या कोळशाच्या पेटीमागे लपवल्या होत्या. कोणाला सांगितलं नाही, पण शिडीकडे मी रोज बघायचे.

ताई तिच्या कामावर जीव टाकून होती, हे इथे लिहायला हवं. घरी आली की कानावरचा हेडफोनचा वळ चोळत ती आम्हाला दिवसभरातले आवाज सांगायची. बोलणं चोरून ऐकायचं नसतं, पण लाइन लागली का हे पाहताना दोन शब्द कानावर पडतातच. रत्नागिरीच्या एका म्हाताऱ्याला फोनवर बोलायची सवय नव्हती, त्याने पूर्ण तीन मिनिटं फक्त "ऐकतंस मा?" एवढंच विचारलं, असं सांगताना ती हसली आणि मग डोळे पुसले. तिचा तिथला आवाज वेगळा होता. घरात आमच्यासारखीच मालवणी-मुंबई मिसळ बोलणारी ताई एकदा मला एक्सचेंजच्या आवाजात "होल्ड ऑन प्लीज" म्हणून दाखवत होती, तेव्हा आई पोळपाटावरून मान वर करून बघतच राहिली. ही कोण बाई घरात आली, असा तिचा चेहरा झाला होता.

माझ्या डोक्यात त्या वर्षी प्राणी शिरले होते. आमच्या सरांनी एका तासाला मेंदू निकामी केलेला बेडूक टेबलावर टांगला आणि त्याच्या कुशीवर आम्लात भिजवलेला कागदाचा कपटा ठेवला. बेडकाने मागचा पाय उचलून तो कपटा पुसून टाकला. पुन्हा ठेवला, पुन्हा पुसला. ज्याला डोकंच उरलं नव्हतं तो अगदी विचारपूर्वक वागत होता. सर म्हणाले, याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात, यात इच्छा नाही, निर्णय नाही, आत एक तार आहे आणि ती ओढली की पाय हलतो. मग ही तार आली कुठून, तर ज्यांच्यात ती नव्हती ते मेले आणि ज्यांच्यात होती त्यांची पिल्लं झाली, बस्स. त्या दिवसापासून चाळीत मला माणसं दिसेनाशी झाली, नुसत्या तारा दिसायला लागल्या. नळावर हंडा पुढे सरकवणाऱ्या बायका, ताटात मासा पडताच येणारं मांजर, भोंगा वाजण्याआधीच उघडणारे बाबांचे डोळे, सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं. वीस वर्षांच्या मुलीला एवढं मोठं उत्तर मिळालं की ती घरात नकोशी होते, तशी मी झाले होते. आई म्हणायची, ह्या पोरीचा आता कोणी तरी बेडकाशी लगीन लावून द्या.

लग्न निघालं ते ताईचं. शेजारच्या खोलीतले परबकाका बाबांच्याच गिरणीत होते, त्यांच्या बहिणीचा मुलगा शीवला राहायचा. घर स्वतःचं, मुलगा नोकरीला, निर्व्यसनी. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून त्यांची एकच अट होती, सुनेने नोकरी सोडायची. आईला ती अट वाटलीच नाही. लग्न झाल्यावर कोण नोकरी करतंय, असं तिचं म्हणणं. "आणि शीव काय लंकेत आसा?" ताईने एकदा, एकदाच, आईला सांगितलं की मला काम सोडायचं नाही. आईने ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडायला घेतले. त्यानंतर ताई बोललीच नाही, आणि न बोलणाऱ्या मुलीचं आमच्याकडे कौतुक असायचं. बाबा मात्र बाबा होते. गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजाने त्यांना अर्धं ऐकू यायचं नाही, पण जे ऐकू यायचं नाही तेही त्यांना जाणवायचं असा मला संशय आहे. त्यांनी एका संध्याकाळी परबकाकांच्या देखत सांगून टाकलं की निर्णय मी घेणार नाही, तुम्ही घेणार नाही, राखणदाराला विचारू. "आणि राखणदार नाय म्हणालो, तर माझ्या घरात ह्या स्थळाचा नाव कोणी काढूचा नाय."

हे राखणदाराचं थोडं सांगायला हवं. गावी आमच्या जागेचा एक राखणदार आहे, त्याला वर्षातून एकदा कोंबडा द्यायचा असतो. बाबांना दरवर्षी गावी जाणं जमायचं नाही, म्हणून त्यांनी ती राखण चाळीच्या गॅलरीत गावाच्या दिशेला तोंड करून द्यायला सुरुवात केली होती. कोंबडा मात्र गावचाच हवा. गाऱ्हाणं घालायचं, मग कोंबड्याच्या डोक्यावर तीनदा पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. त्याने मान झाडली, पिसं फुलवून अंग हलवलं, की राखणदाराने स्वीकारलं. त्या वेळी एखादा प्रश्न मनात धरला असेल तर त्याचं उत्तरही तेच. मान हलली तर होय, तीन वेळा पाणी पडूनही कोंबडा उभाच राहिला तर नाही. आमच्या आत्याचं पहिलं स्थळ असंच मोडलं होतं, आणि बाबा ते कौतुकाने सांगायचे. त्यांनी हा शब्द कधी मोडला नसता. त्या घरात ताईचं "नको" चालणार नव्हतं, पण कोंबड्याचं चाललं असतं.

परबकाका गावी गेले होते, ते एसटीने टोपलीतून कोंबडा घेऊन आले, राखणीच्या चांगले आठ दिवस आधी. तांबूस, काळ्या शेपटीचा, पायात जोर असलेला कोंबडा होता. गॅलरीच्या कठड्याला सुतळीने त्याचा पाय बांधला आणि चाळीला करमणूक मिळाली. पहाटे आरवायचा, आणि शिवाय कोणी दिवा लावला की तेव्हाही आरवायचा. रातपाळीहून येऊन झोपलेले लोक उठून त्याला आणि बाबांना एकत्र शिव्या घालायचे. मला तर घरबसल्या प्रयोगशाळा मिळाली. पोरं जमवून मी त्याला आडवा करायचे, चोच फरशीला टेकवायची आणि चोचीपासून पुढे खडूने एक सरळ रेघ ओढायची. कोंबडा तसाच पडून राहायचा. हात काढून घेतला तरी हलायचा नाही, डोळे उघडे, छाती धडधडतेय आणि अंग लाकडासारखं. पोरं टाळ्या वाजवायची. मी रुबाबात सांगायचे की हे रेघेमुळे होत नाही, रेघ माझी हौस आहे. पकडला गेलेला पक्षी निपचित पडला तर कोल्ह्याची पकड सैल होते, धडपडणारे खाल्ले गेले, पडून राहणारे वाचले, आणि हा त्यांचा नातू. ताई पाळीवरून आली होती, चपला हातात घेऊन दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे गप्प पडलाय, पण आतून तयार नाहीये तो." मी म्हटलं, ताई, त्याला आतून वगैरे काही नसतं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणाची वाक्यं बोलले, त्यात हे बरंच वर लागेल.

कोंबडा आला त्याच दिवशी मी तिला सवयीचंही सांगितलं. ती विचारत होती म्हणून सांगितलं, आणि ती विचारतेय याचा मला आनंद झाला होता, कारण माझ्या विषयाबद्दल घरात कोणी कधी विचारलं नव्हतं. गॅलरीत आम्ही दोघी लसूण सोलत बसलो होतो. मी म्हटलं, गोगलगाय ज्या पाटीवर असते तिच्यावर टकटक केलं की ती अंग आत ओढून घेते. पुन्हा टकटक, पुन्हा आत. पण करत राहिलं आणि तिला काहीच इजा झाली नाही, की थोड्या वेळाने ती ओढून घेणं सोडून देते. ताईने विचारलं, सगळ्या प्राण्यांचं असंच होतं का. मी म्हटलं, बहुतेकांचं. गिरणीतल्या चिमण्या बघ, एवढ्या आवाजात खुशाल बसतात. ती लसणीची पाकळी हातात धरून थोडा वेळ बसून राहिली. नंतर रोज, पाळीवरून आल्यावर, ती बादलीत हात बुडवायची आणि जाता जाता कोंबड्याच्या डोक्यावर पाणी उडवायची. सकाळी निघतानाही. आईने विचारलं, "ह्या काय गो करतंस?" तर म्हणाली, उकडतंय त्याला. चाळीतल्या बायका म्हणाल्या, शालन मायाळू आहे. मीही तेच समजले. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी म्हणवत होते, डोळ्यांसमोर आठवडाभर प्रयोग चालला होता आणि मला तो दिसला नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी माळ्याच्या शिडीवर बसून ताई केसांना तेल लावत होती, मी खाली बसून बेडकाच्या पायाची आकृती काढत होते. ती हळूच म्हणाली, "नले, उद्या तो हलला नाही तर बरं होईल ना गं." मी वर न बघता म्हटलं, हलेल गं, सगळे हलतात. यापलीकडे आमचं बोलणं झालं नाही.

रविवारी सकाळी गॅलरी धुऊन काढली. बाबा आंघोळ करून नव्या पंचात उभे, शेजारी परबकाका, दारात आई, आईच्या मागे ताई. घरातल्या धाकट्याने कोंबडा धरायचा असतो, म्हणून त्याला फरशीवर उभा करून मी दोन्ही हातांनी धरला होता. बाबांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा राखणदारा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाशी उभी आसत. शालनचा लगीन ठरवूचा आसा. तुका मान्य आसात तर कौल दी म्हाराजा." प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. आम्ही म्हणालो. ताई म्हणाली की नाही, ते मला खूप आठवूनही आठवत नाही. बाबांनी तांब्यात बोटं बुडवून पाणी शिंपडलं. कोंबडा ढिम्म. दुसऱ्यांदा शिंपडलं. थेंब तुऱ्यावरून ओघळून माझ्या बोटांवर आले, तो शांत उभा, डोळाही मिटला नाही त्याने. परबकाकांनी घसा खाकरला. आईने पदर तोंडाशी नेला. बाबांनी तिसऱ्यांदा पाणी शिंपडलं आणि हात जोडून डोळे मिटले. थोडा वेळ आणखी गेला असता तर बाबांनी डोळे उघडून "नाय म्हणालो" म्हटलं असतं आणि विषय संपला असता.

कोंबड्याचा कान पिसांखाली असतो, गालाच्या मागे. आठवडाभर त्याच्याशी खेळताना मला कळलं होतं की तिथे ओलं काही लागलं की तो थांबूच शकत नाही. ओल्या काडीने मी त्याला दहा वेळा शिवले होते, दहाही वेळा त्याने मान झाडली होती. डोक्यावरच्या पाण्याची सवय होते, कानातल्याची होत नाही. कानात शिरणाऱ्या किड्याची सवय करून घेणारे कोंबडे मागे उरलेच नसतील, असा सिद्धांतही मी मनाशी मांडून ठेवला होता. तो बरोबर की चूक हे मी आजवर कुठे तपासलं नाही. मी करंगळी पिसांखाली सरकवली. बोटावर पाणी होतंच. कोंबड्याने मान अशी झाडली की परबकाकांच्या शर्टावर थेंब उडाले, मग सगळी पिसं फुलवून अंग हलवलं, एकदा नाही, दोनदा. आईने हात जोडले. बाबांनी डोळे उघडले ते पाण्याने भरलेले होते. "दिल्यान," ते म्हणाले. "राखणदारान होकार दिल्यान." मी ताईकडे बघितलं नाही.

दुपारी वडे आणि त्याच कोंबड्याचा रस्सा. आईने खोबरं भाजलं तेव्हाच वास जिन्यापर्यंत गेला होता, परबकाकांच्या घरचे सगळे आमच्याकडेच जेवायला होते. सोलकढी एवढी की पातेलं दोनदा भरावं लागलं. ताई वाढत होती. मला मानेचा तुकडा आवडायचा, लहानपणापासून, त्यावरून आमची भांडणंही झाली होती. ती माझ्या ताटाशी वाकली, पातेल्यात पळीने शोधलं आणि मानेचा तुकडा काढून माझ्या वड्यांवर ठेवला. मी खाल्ला. चांगला लागला होता, खोटं कशाला सांगू.

दोन महिन्यांत लग्न झालं. वरात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोळशाच्या पेटीमागच्या बाटल्या काढल्या आणि एकेक करून शिडीने वर नेल्या. पत्र्याच्या ट्रंकेवर पुस्तकं मांडली. खिडकीतून वारा येत होता, खालची मोरी, पोरं, आईचा स्टोव्ह सगळं लांब गेल्यासारखं वाटत होतं. तिथे बसून मी पहिला वर्ग मिळवला, तिथेच बसून पुढचं शिकले आणि मग दादरच्या शाळेत तीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवलं. माझं जे काही चांगलं झालं ते त्या माळ्यावर झालं.

ताईचं वाईट झालं असं कोणी म्हणणार नाही, हीच अडचण आहे. भाऊजी चांगले होते. वाईट असते तर मला निदान रागवायला कोणीतरी मिळालं असतं. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, आणि कधी काही विचारलंही नाही. ताईने सासूचं अकरा वर्षं केलं, कूस बदलण्यापासून सगळं, मग दोन मुलगे वाढवले, मग भाऊजींचं आजारपण काढलं. मी सुट्टीत जायचे तेव्हा ती ओट्याशी असायची. त्यांच्याकडे टेलिफोन आला तेव्हा मी तिथे होते. घंटा वाजली, ताईचा डावा हात आधी कानावर गेला, हेडफोन सारखा करतात तसा, आणि रिसीव्हर उचलून ती त्या जुन्या आवाजात म्हणाली, "येस, प्लीज." घरातले सगळे हसले. भाऊजीही हसले, प्रेमानेच हसले. त्यानंतर फोन वाजला की ती दुसऱ्या कोणाला तरी हाक मारायची. वीस वर्षं झाली होती एक्सचेंज सोडून, पण तो हात विसरला नव्हता. त्या दिवशी बसने लालबागला परत येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले होते आणि कंडक्टरला दोनदा विचारावं लागलं, कुठे उतरायचंय.

शाळेत दरवर्षी प्रतिक्षिप्त क्रियेचा धडा यायचा. मी सुईचं उदाहरण द्यायचे, गरम भांड्याचं द्यायचे, कोंबड्याचं कधी दिलं नाही. एका वर्षी एका मुलीने विचारलं, बाई, यात विचार नसतो तर मग यात चूक पण कोणाची नसते ना. मी म्हटलं, नसते. तेवढं म्हणून मी फळ्याकडे वळले आणि उगाचच आधीची आकृती पुसून तीच परत काढली. कोंबड्याची चूक नव्हती. बेडकाची नव्हती. माझी करंगळी मात्र कोणी तार ओढल्यामुळे हलली नव्हती. तिसरं पाणी पडल्यापासून ती पिसांखाली जाईपर्यंत मला पुरेसा वेळ होता, आणि त्या वेळात मी विचार केला होता.

आता मागचा रविवार. मी म्हटलं, कुठल्या कोंबड्याचं. ताई डोळे मिटूनच होती. म्हणाली, "आठ दिवस पाणी मारलं मी त्याच्या डोक्यावर. पहिल्या दिवशी अख्खा फुलला होता. शनिवारी डोळासुद्धा मिटेना. तूच सांगितलं होतंस, सवय होते म्हणून." स्वयंपाकघरात तिची सून कुकर लावत होती. माझ्या हातातली पानं मी उगाच सारखी करत राहिले. माझ्या तोंडून एवढंच निघालं की तू मला सांगितलं का नाहीस.

"सांगितलं की. शिडीवर बसून सांगितलं." मग म्हणाली, "तुझी करंगळी दिसली होती मला, नले."

पन्नास वर्षं ती हे घेऊन बसली होती. मानेचा तुकडा वाढताना तिला माहीत होतं. माझ्या पहिल्या वर्गाचे पेढे खाताना माहीत होतं. मी दर सुट्टीत जाऊन तिच्या ओट्याशी उभी राहायचे, तेव्हा माहीत होतं. ती कधी काही म्हणाली नाही, आणि म्हणून तिला काही माहीत नाही, किंवा ती ते विसरली, किंवा तिला आता तसं काही वाटत नाही, असं सोयीप्रमाणे मी समजत आले होते. तिने डोळे उघडून माझ्या दिशेला बघितलं, जिथे तिला फक्त डाग दिसतो, आणि विचारलं, "का गं केलंस?"

मी म्हटलं, बाबांचा चेहरा बघवेना म्हणून. किती पटकन निघालं ते तोंडातून, जणू पन्नास वर्षं जिभेखाली तयार ठेवलेलं होतं. ताई "बरं" म्हणाली. मग सुनेने चहा आणला आणि आम्ही तिच्या नातवाच्या परीक्षेबद्दल बोललो.

बाबांचे डोळे मिटलेले होते. त्यांचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. मी बघत होते ते त्यांच्या मागे, उघड्या दारातून, भिंतीला लावलेल्या शिडीकडे. मला माळा हवा होता. दिवा, खिडकी आणि ती पत्र्याची ट्रंक. एवढ्यासाठी मी बहिणीचं आयुष्य दुसऱ्या घरात सरकवलं, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, लिहिलेलं नाही, स्वतःशीसुद्धा या शब्दांत म्हटलेलं नाही.

उद्या रविवार आहे. ही पानं घेऊन मी शीवला जाईन आणि यातला एकही शब्द न गाळता तिला वाचून दाखवीन. ती पलंगावर भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकेल. बहुतेक काहीच बोलणार नाही. आणि ती गप्प राहिली म्हणजे तिने माफ केलं, असं मी या वेळी समजणार नाही.